लावोची वही, नोंद ११ : सोळा घरांनी घात केला

मंडळी, पोर्तो रिकोचा साल्सा गायक एक्तोर लावो याची गाणी ऐकून मी या वहीत कागदावर उतरवते. मागच्या नोंदीच्या शेवटी मी छातीठोकपणे लिहिलं होतं, ‘पुढच्या रविवारी पेरिओदिको दे आयेर पूर्ण उतरवून टाकते.’ त्याला पाच रविवार झाले. गाणं अजून उतरलेलं नाही. पण काल रात्री ओटा पुसता पुसता ते कुठे अडलंय हे लख्ख कळलं, आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय झोप लागणार नव्हती.

मुखडा दोन बैठकींत झाला होता. तिते कुरेत अलोन्सोची रचना, १९७६ची तबकडी ‘दे ती देपेंदे’. नावाचा अर्थच ‘कालचा पेपर’: विटलेलं प्रेम म्हणजे कालचा पेपर. पोस्टात नोकरी करता करता या माणसाने असली गाणी लिहिली! मुखड्यात लावो चाल धरून गातो, कागदावर सहज बसतो. मोंतूनो (गाण्याचा सवाल-जवाबाचा भाग) सुरू झाला, कोरो (मागच्या मंडळींची ठरलेली ओळ) आणि सोनेओ (गायकाने आयत्या वेळी रचलेल्या ओळी) आलटून पालटून यायला लागले, की माझी पेन्सिल लटपटते.

माझी पद्धत तुम्हाला माहीतच आहे. दोन बारची सोळा घरं आखायची, क्लावेचे (दोन दांड्यांवर वाजणारा पाच ठोक्यांचा मूळ ठेका) ठोके १, ४, ७, ११, १३ वर. दोन-तीनची क्लावे (आधी दोन ठोके, मग तीन) असेल तर अर्धं उलटून ३, ५, ९, १२, १५. घोळ इथेच झाला. घरं सोळा दिसली की तबला शिकलेल्या माणसाचा हात आपसूक तीनतालात जातो. मी पहिल्या घराला सम मानलं आणि प्रत्येक सोनेओ समेकडे निघालाय असं गृहीत धरलं. आता बेसचा तुंबाओ, म्हणजे त्याचा फिरून फिरून येणारा ठेका, बघा: ४, ७, १२, १५. पहिल्या घरात बेस वाजतच नाही! वर पंधराव्या घरात तो पुढच्या कॉर्डचा स्वर वाजवून मोकळा झालेला असतो. मी जिला सम म्हणत होते तिथे बेसपुरता खड्डा होता, आणि त्या खड्ड्यात मी लावोला ढकलत होते.

तो पडायला तयार नव्हता. मग मी फसवाफसवी केली. इथे एक घर पुढे सरकव, तिथे दीड घर मागे ओढ. तिसऱ्या पानावर पोचेपर्यंत माझी क्लावे चक्क उलटी झाली होती. वाचून कळेना, पण दांडे वाजवत गायला घेतलं की भातात खडा लागावा तसं होई. दोन रविवार गेले ते कोरो मोजण्यात मी कुठे एक बार खाल्ला हे शोधण्यात. (खाल्ला होता. ब्रासच्या तुकड्यानंतर.)

दांड्यांवरून आठवलं. नोंद ८ मधले लाटण्याचे तुकडे अखेर निवृत्त झाले. सुताराकडून खैराचे दोन दांडे करून घेतले. खालचा दांडा घट्ट धरायचा नाही, वाकवलेल्या बोटांवर नुसता टेकवायचा, तळवा पोकळ ठेवायचा. असा काही खणखणीत बोलतो की शेजारच्यांनी विचारलं, खिळे ठोकताय का. याउलट, गायकाचा आवाज वेगळा काढून देणाऱ्या त्या ॲपची वर्षाची वर्गणी पाण्यात गेली. त्याला कोरोही आवाजच वाटतो, त्यामुळे लावो आणि मागची मंडळी एकाच पिशवीत. सरळ ऑडॅसिटी या ध्वनी-संपादकात वेग कमी करा आणि कान वापरा. फक्त साठ टक्क्यांच्या खाली जाऊ नका, व्यंजनं विरघळायला लागतात.

तर काल रात्री. कंटाळून वही मिटली आणि भांडी आवरताना ‘आसाल्तो नाविदेन्यो’ ही तबकडी लावली. ट्रोम्बोनवाल्या विली कोलोनबरोबरच्या दिवसांतली, योमो तोरोचा क्वात्रो (गिटारसारखं तंतुवाद्य) असलेली, डोंगरातल्या हीबारो (शेतकरी) गाण्याचा वास असलेली. ऐकता ऐकता माझीच जुनी नोंद आठवली: पोन्से शहराच्या या पोराचा, म्हणजे लावोचा, लहानपणीचा आदर्श कोण, तर चुईतो एल दे बायामोन, हीबारो गायक. ते वाक्य लिहून मी पुढे निघून गेले होते. हीबारो गवई उभ्या उभ्या देसिमा रचतो. देसिमा म्हणजे दहा ओळी, आणि प्रत्येक ओळ आठ अक्षरांची.

ओल्या हातानेच वही उघडली. घरं मोजणं सोडलं, अक्षरं मोजली. अभंगाची मोजतो तशी, बोटांवर. पहिली ओळ नऊ भरली, दुसरी सात. जीव खट्टू झाला. मग स्पॅनिश छंदाचे दोन नियम आठवले. एका शब्दाचा शेवटचा स्वर आणि पुढच्याचा पहिला स्वर चिकटतात, दोघांचं अक्षर एकच. आणि ओळीच्या शेवटच्या अक्षरावर आघात असेल तर एक जास्त धरायचं. नऊची आठ झाली, सातचीही आठ झाली! सगळ्या ओळी नाहीत, पण बऱ्याच. मी एकटीच स्वयंपाकघरात ओरडले.

मग घरांकडे परत गेले तर चित्रच पालटलेलं. लावो घरं भरत नाही. आठ अक्षरांची मोट त्याच्या डोक्यात आधीच बांधलेली असते. कोरो थांबला की तो लगेच तोंड उघडत नाही, एक-दोन घरं जाऊ देतो. आता हा राहतोय असं वाटतं, तेवढ्यात मधली अक्षरं भराभर सोडतो आणि आघाताचं अक्षर क्लावेच्या ठोक्याला नाहीतर अगदी त्याच्या कडेला ठेवतो. मी प्रत्येक अक्षराला सारखी जागा देत होते, म्हणून सगळं सांडत होतं.

यावर माझं एक ठाम मत. लावो कार्यक्रमांना उशिरा यायचा हे जगजाहीर आहे. मी उशिरा येत नाही, तुम्हीच लवकर येता, अशी त्याची सबब प्रसिद्ध आहे, वक्तशीरपणाचा राजा म्हणून स्वतःची टिंगल करणारं गाणंही त्याने गायलंय. त्यावरून गाण्यातही तो रेंगाळतो असं काही जण लिहितात. साफ चूक. रेंगाळणाऱ्याची लय पडते. हा मुद्दाम मागे उभा राहतो, कारण शेवटची बस किती वाजता सुटते ते त्याला पक्कं ठाऊक असतं.

आता पुढचं. ठरलं होतं की यानंतर १९७८ची ‘कोमेदिया’, म्हणजे मुखपृष्ठावर चॅप्लिनच्या वेशातला लावो आणि आत दहा मिनिटांचं ‘एल कान्तान्ते’. गायक-गीतकार रूबेन ब्लेड्सने स्वतःसाठी ठेवलेलं ते गाणं, लावो खचलेला असताना कोलोनच्या शब्दावर त्याला दिलं. त्यावर एक अख्खी नोंद लिहायची होती. पण नाही, आधी मागे जाते. ‘आसाल्तो’ पुन्हा पहिल्यापासून, फक्त अक्षरं मोजत. आणि हे लिहिताना सुचलं, की शेजारी पोर्तो रिकोच्याच दुसऱ्या गायकाची, इस्माएल रिवेराची, दोन गाणी ठेवावीत. तो कोरो संपायची वाट बघत नाही, त्याच्या अंगावरच गातो. दोघांचा आठाचा हिशेब एकाच कागदावर आला तर मजा येईल. म्हणजे ‘कोमेदिया’ दिवाळीनंतर. १९८८च्या सान हुआनमधल्या हॉटेलाबद्दल, म्हणजे लावो वरच्या मजल्यावरून खाली कोसळला त्याबद्दल, विचारणाऱ्यांना परत तेच सांगते, ही वही १९८७च्या तबकडीशी थांबेल.

पहिल्या चार सोनेओंचं सुधारलेलं पान स्कॅन करून जोडलंय. तिसऱ्यातल्या दुसऱ्या ओळीला लाल खूण आहे, तिथे मला अजून नऊच अक्षरं ऐकू येतात. कोणाचा कान स्पॅनिशला सरावलेला असेल तर बघा. माझ्या तबकडीवर नेमका तिथेच चरा आहे. विकणाऱ्याने ‘जवळजवळ नवी’ म्हणून पाठवली होती.