श्लिट्झच का?

"मॅडम, तुम्ही स्वतः बिअर चाखतही नाही, मग दर वर्षी श्लिट्झचंच उदाहरण का?" अन्नतंत्रज्ञानाच्या माझ्या वर्गात हा प्रश्न एकदा तरी येतोच. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

श्लिट्झ ही अमेरिकेतली बिअर कंपनी. मिलवॉकी शहरात १८४९ साली ऑगस्ट क्रुगनं ही ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, काढली. तो वारल्यावर हिशेबनीस जोसेफ श्लिट्झनं कारभार हाती घेतला, क्रुगच्या विधवेशी लग्न केलं आणि कंपनीला स्वतःचं नाव दिलं. १८७१ मध्ये शिकागो जळालं, तेव्हा या कंपनीनं तिथे बिअर पाठवली आणि तिचं नाव झालं. १९०२ मध्ये ती अमेरिकेतली सगळ्यात मोठी ब्रुअरी होती. दारूबंदीची तेरा वर्षं तिनं काढली आणि पुन्हा पहिला नंबर गाठला. १९५३ च्या लांबलेल्या संपानंतर बडवायझर ही दुसरी बिअर बनवणारे पुढे निघून गेले.

मला बोलायचं आहे ते त्याच्या पुढचं. खर्च वाचवायला बिअर आंबण्याचा काळ कमी केला. बार्लीच्या जागी कॉर्न सिरप वाढवलं. दर बदलाच्या वेळी नव्या बिअरची तुलना कालच्या बिअरशी व्हायची, आणि फरक इतका बारीक असायचा की कुणाला जाणवायचा नाही. दहा वर्षांपूर्वीच्या बिअरशी ताडून बघायला हवं होतं.

कोरा चहा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून बघा, सकाळी तो गढूळ दिसतो. बिअरही थंड झाली की प्रथिनं आणि टॅनिन एकमेकांना धरतात आणि ती धुरकटते. ते टाळायला श्लिट्झ सिलिका जेल वापरायची. १९७६ मध्ये घटक लेबलवर छापावे लागतील अशी धास्ती पडली, सिलिकाचं नाव लेबलवर नको म्हणून ती काढून दुसरं रसायन आणलं. फेस टिकवायला घातलेल्या पदार्थाशी त्याचं जमलं नाही. बाटलीत पांढरे कण तरंगायला लागले, शेंबडासारखे. पिणाऱ्याला अपाय नव्हता, पण असा ग्लास तोंडाला कोण लावेल? तरी वरच्यांनी काही महिने नुसते काढले आणि मग सुमारे एक कोटी बाटल्या-कॅन परत घ्यावे लागले. हे वाया गेलेले महिने मला फार जिव्हारी लागतात. कण तर रोज डोळ्यांना दिसत होते!

१९८१ मध्ये मिलवॉकीचा कारखाना बंद झाला, पुढच्या वर्षी डेट्रॉइटच्या स्ट्रोह या बिअर कंपनीनं ती विकत घेतली.

श्लिट्झमध्ये अडाणी कोणी नव्हतं. तुमच्यासारखेच शिकलेले लोक होते, आणि उद्या तुमच्याही टेबलावर अशा छोट्या छोट्या बदलांचे कागद सहीला येतील, म्हणून मी हे दर वर्षी सांगते.

श्लिट्झचं नाव पुढे पॅब्स्ट या बिअर कंपनीकडे आलं. २००८ मध्ये तिनं साठच्या दशकातली श्लिट्झ पुन्हा बाजारात आणायची ठरवली, तर मूळ कृतीच हाताशी नव्हती. जुन्या ब्रूमास्टरांना, म्हणजे बिअर बनवणाऱ्या प्रमुखांना, गाठून, त्यांना विचारून विचारून ती पुन्हा जुळवावी लागली.