जिंकत आलेला डाव

खानापूर तालुक्यातला पाऊस बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. कणकुंबीकडून झड लागली की मलप्रभा तुडुंब, मैदानाचा चिखल आणि पी.टी.चा तास वर्गात. त्या तासाला आमचे गणिताचे सर कपाटातून बुद्धिबळाचे पट काढायचे. एका पटातला काळा उंट हरवलेला. त्याच्या जागी शाईत बुडवलेला खडू उभा असे. शाळेच्या संस्कारांबद्दल या स्मरणिकेत बाकीचे लिहितीलच, मी त्या पटांबद्दल लिहितो.

डाव अटीतटीचा असेपर्यंत सर खिडकीपाशी वह्या तपासत बसत. कुणी समोरच्याचा वजीर मारला, मागे रेलला आणि शेजारच्या पटात डोकावू लागला, की हे पाठीशी हजर. "काय बघूलालास रे? संपला काय डाव?" हरणाऱ्या पोराला मात्र ते कधी काही सांगत नसत. तो आपोआप जागा असतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते आजही पटतं. हरणारा एखादा शह मिळतोय का म्हणून पट खरवडून काढत असतो, आणि जिंकणारा मनातल्या मनात पुढच्या फेरीत पोचलेला असतो.

सरांची शिकवण अशी: जिंकत आलास की मोहऱ्याला मोहरा मारून पट मोकळा कर, पण प्यादी जप. आणि स्वतःची चाल शोधण्याआधी समोरच्याला काय पाहिजे ते बघ. त्याला बहुतेक वेळा स्टेलमेट पाहिजे असतं. एकटा राजा कोपऱ्यात आणि आपला वजीर त्याच्यापासून घोड्याच्या अडीच घरांवर: शह नाही, हलायला घर नाही, डाव बरोबरीत! फळ्यावर हे चित्र ते इतक्यांदा काढत की कंटाळा यायचा.

चाल आधी कागदावर लिहायची, पुन्हा पट बघायचा, मग मोहऱ्याला हात लावायचा, ही त्यांची दुसरी सक्ती. मे महिन्याच्या सुट्टीत मिरजेच्या गाडीने सांगलीच्या स्पर्धा बघायला जात, तिथून आणली असावी. पुढे 2005 मध्ये फिडेनं, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेनं, आधी लिहायला बंदी घातली. आता खेळून मगच लिहायचं. सरांनी निमूट नियम मानला आणि पोरांना तळहात मांडीखाली घालून बसायला लावलं.

1 जून 2025 ला नॉर्वेत कार्लसन गुकेशविरुद्ध जिंकत आलेला डाव हरला आणि त्यानं टेबलावर मूठ आपटली. तो व्हिडिओ आमच्या बॅचच्या ग्रुपवर आला, तेव्हा खाली पहिली ओळ होती, "काय बघूलालास रे?" जगज्जेतेपद पाच वेळा मिळवलेल्या माणसाला आम्ही खानापूरकर शिकवत होतो! गंमत सोडली, तरी वाईट पटावर एकेक चाल रेटत बसलेला एकोणीस वर्षांचा गुकेश सरांना जास्त आवडला असता.

आमच्या शाळेचा एक डाव मात्र नोंदवून ठेवायलाच हवा. बेळगावात जिल्हा स्पर्धा, पटावर आमच्या खालच्या वर्गातली मुलगी. पटाच्या उभ्या ओळींना ए, बी, सी अशी अक्षरं आणि आडव्या ओळींना आकडे असतात; तिचा पांढरा राजा सी सहावर, प्यादं सी सातवर. समोर ए सातवर एकटा काळा राजा. प्यादं पुढे सरकून शेवटच्या ओळीत पोचलं, म्हणजे त्याच्या जागी दुसरा मोहरा घ्यायचा. वजीर घेतला असता तर काळ्याला एकही घर उरत नव्हतं, सरळ स्टेलमेट. तिनं हत्ती मागितला. दुसऱ्या शाळेचे एक सर मोठ्यानं म्हणाले, "अगं, वजीर मिळतोय की!" पंचांनी त्यांना गप्प केलं. काळा राजा ए सहावर आला, कारण तेवढंच घर होतं. हत्ती ए आठवर गेला, मात.

परतीच्या बसमध्ये सरांनी कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा, डबा फिरवला. तिला दोनदा मिळाला, यावरून आम्ही खानापूर स्टँड येईपर्यंत भांडत होतो.