हरले ते

२९ मार्च २०२५, शनिवार. अमावस्या.

सकाळी दहाच्या सुमारास मी लॅपटॉप मिटला. आई दारात उभी होती, हातात ओलं फडकं. माळ्यावरून काढलेली गुढीची काठी पुसत होती. म्हणाली, "काय झालं गं?" मी म्हणाले, "हरले ते."

तिने "बरं" म्हटलं आणि ती परत काठीकडे वळली.

ते. हा शब्द माझ्या तोंडून आला कसा? दिवसभरात मॅचपेक्षा याचाच विचार जास्त केलाय. अमेरिकेतलं पर्ड्यू विद्यापीठ सोडून पंधरा वर्षं होतील, आणि या पंधरा वर्षांत मी आईला नेहमी "हरलो" किंवा "जिंकलो" एवढंच सांगत आले. आम्ही नाही, आपण नाही, नुसतं क्रियापद. तिलाही कधी कोण हरलं हे विचारावं लागलं नाही. आज मात्र "ते". जणू गल्लीच्या टोकाला कुणाच्या तरी घरी काहीतरी झालं, आणि मी ते येऊन सांगितलं.

मॅचबद्दल लिहिते, म्हणजे बरं वाटेल. कॉलेज बास्केटबॉलची मार्चमधली स्पर्धा, पर्ड्यू विरुद्ध ह्यूस्टन. ह्यूस्टन पहिल्या मानांकनाचे, आपण चौथ्या. मागे पडून पडून शेवटी ६०–६० केले. सेकंद उरले २.२, बॉल त्यांचा. त्यांच्या उझानने बाहेरून बॉल आत दिला, त्यांच्याच टगलरने तो तसाच त्याला परत दिला, आणि उझान मोकळा, एकटा, बास्केटखाली. ६२–६०. घड्याळात ०.९ सेकंद. ज्याने बॉल आत टाकला त्याच्यावरच कुणाची नजर नव्हती. चाळीस मिनिटं अंगाला अंग लावून बचाव करायचा आणि शेवटच्या दीड सेकंदात हे. तेही इंडियानापोलिसमध्ये, पर्ड्यूच्या वेस्ट लाफायेटपासून तासाभराच्या वाटेवर, जिथे निम्मं स्टेडियम आपलंच.

रडू आलं नाही. त्याचीच भीती वाटली, खरं सांगायचं तर.

कारण मला रडणं माहीत आहे. २०१० च्या फेब्रुवारीत आपल्या टीमच्या हमेलचा गुडघा गेला तेव्हा आम्ही चौघी अपार्टमेंटच्या कार्पेटवर बसलो होतो. मिनेसोटात मॅच होती. टीम देशात तिसऱ्या क्रमांकावर, आणि त्या वर्षीची फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चार टीमच्या मॅच, इंडियानापोलिसला. सगळं जुळून आलेलं. तो पडला, गुडघा धरला, आणि खोलीत कुणी बोलेना. ती मॅच आपण जिंकली होती, एका गुणाने. आठवतो फक्त गुडघा. ऑक्टोबरमध्ये तोच गुडघा परत गेला तेव्हा मी पुण्यात होते, पहिल्या नोकरीत. ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले. कुणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं?

२०१९ ला व्हर्जिनियाच्या डियाकिटेचा तो शॉट. आपल्या कार्सनचे ४२ गुण, आणि तरी हरलो. त्यावर मी आजही बोलत नाही.

मग २०२३. पहाटे साडेचारचा गजर लावून उठले, आणि देशातल्या सगळ्यात बुटक्या टीमकडून आपण हरलो. सोळाव्या मानांकनाने पहिल्याला हरवायची पुरुषांच्या स्पर्धेच्या इतिहासातली दुसरी वेळ. आपला एडी सात फूट चार इंच, आणि त्याच्याभोवती ती छोटी मुलं घोंघावत होती. ६३–५८. त्या दिवशी लेकाची शाळेची बस चुकली. उजाडल्यावर जगाने हसायला सुरुवात केली. रडण्यापेक्षा ते हसणं वाईट होतं.

आपले ब्रेडन आणि फ्लेचर त्या रात्री कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. ती सोडून गेली असती तर कुणी बोल लावला नसता. ती राहिली. एडी एनबीएत जाऊ शकत होता, तोही राहिला. बाकीचेही बहुतेक सगळे. आणि पुढच्याच वर्षी फायनलला पोचलो. १९८० नंतर पहिल्यांदा फायनल फोर! डेट्रॉइटला टेनेसीविरुद्ध एडीने ४० गुण केले आणि जिंकल्यावर रीतीप्रमाणे नेट कापायला शिडीवर चढला, म्हणजे त्याला शिडी लागली तरी का, असं आईने विचारलं होतं.

ती फायनल पाडव्याला आली. तिकडे ८ एप्रिलची रात्र, इकडे ९ एप्रिलची सकाळ, सातच्या आत सुरू. त्याच दुपारी इंडियानात खग्रास ग्रहण झालं होतं. आमच्यातली जी तिकडेच राहिली तिने भर दुपारच्या अंधाराचा फोटो पाठवला, आणि तो मी आईला दाखवायला नको होता. गुढी उभारायची थांबली. खण, कडुलिंब, गाठी, सगळं ताटात तयार, आणि मी कनेक्टिकटच्या बचावाकडे बघत बसलेले. ७५–६०. एडीचे ३७, आणि तरी कुठे जवळसुद्धा गेलो नाही. तीन पॉइंटचा एकच शॉट पडला अख्ख्या मॅचमध्ये. नऊ वाजून गेल्यावर तांब्या काठीवर पालथा घालताना मला हुंदका आवरेना. आई काही बोलली नाही. काठी तिने धरली, गाठ तिने मारली. दुपारी श्रीखंड कुणी धड खाल्लं नाही. लेक माझ्याकडे बघत होता, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

यंदा तसं झालं नाही. हे चांगलंच म्हणायला हवं ना? मग दिवसभर मला असं का वाटतंय की माझ्या हातून काहीतरी सुटलं?

इथे हे कुणाला सांगावं? परवा ऑफिसात सगळे आयपीएलवर. आज सकाळी सोसायटीच्या खाली बंगळूरच्या जर्सीतला तो मुलगा आनंदात होता. काल चेपॉकवर जिंकले ते, २००८ नंतर पहिल्यांदा. सतरा वर्षं एकही कप नाही, आणि तरी दर वर्षी नवी जर्सी. मला त्याला थांबवून बोलावंसं वाटलं. पण त्याचं दुःख सगळ्या देशाला माहीत आहे, त्याच्याबरोबर लाखो लोक रडतात. माझं दुःख समजवायचं तर आधी मार्च म्हणजे काय, मानांकन म्हणजे काय, हरलं की संपलं, दुसरी संधी नाही, हे सगळं सांगावं लागतं. तोवर समोरचा कंटाळतो. बेचाळीस वर्षांच्या बाईला कॉलेजच्या पोरांच्या खेळाचं एवढं काय? मी तिथे दोनच वर्षं होते. दोनच हिवाळे मॅकी स्टेडियमबाहेर गारठत रांग लावली. दोन वर्षांच्या भाड्याच्या घराला कुणी "आपलं" म्हणत नाही.

असं सगळं दुपारी मनात चाललं होतं. पुरणाची डाळ भिजत घालायची आठवणही आईनेच केली.

चार वाजता चौघींचा ग्रुप उघडला. सकाळपासूनचे मेसेज वर सरकवत गेले. आणि ९ वाजून ५८ मिनिटांनी माझाच मेसेज: "आपण पासरला मोकळं का सोडलं??" दोन प्रश्नचिन्हं. त्याच्या खाली: "आपला टाइमआउट होता का शिल्लक?" त्याच्या खाली: "ब्रेडनचा चेहरा बघवत नाहीये." हे सगळं आईशी बोलायच्या आधी, पाच-सात मिनिटं.

म्हणजे "आपण" तिथेच होतं. गेलं नव्हतं कुठे.

मग मला दिसलं. आई हातात काठी घेऊन उभी होती. उद्या पाडवा. गेल्या वर्षीचा तो सकाळचा प्रकार तिच्या चेहऱ्यावर होता. ती "काय झालं" असं विचारत नव्हती, "यंदाही का?" असं विचारत होती. आणि मी "ते" म्हणून मोकळी झाले, म्हणजे तिने काठी पुसत राहावी. हा विचार त्या क्षणी मी केला होता का? नाही. पण जीभ कधी कधी आपल्या आधी ठरवते.

तरी पूर्ण समाधान नाही. थोडं "ते" खरंही असेल. लेक मोठा होतोय, पहाटेच्या गजराला उठवत नाही आता, आणि मागच्या महिन्यात टीम ओळीने हरत होती तेव्हा मी दोन मॅच चक्क पाहिल्याच नाहीत. ते इथे लिहून ठेवते आणि पुढे जाते.

खेळाडूंनी कॉलेज बदलायचं पोर्टल उघडून पाच दिवस झालेत. सगळीकडे पोरं कॉलेजं बदलतायत, दर वर्षी नवी टीम, नवे चेहरे. ब्रेडन, फ्लेचर, ट्रे, तिघांचं शेवटचं वर्ष राहिलंय. ते थांबतील असं मला मनापासून वाटतं. सोळाव्या मानांकनाकडून हरूनही जे थांबले, ते ०.९ सेकंदांसाठी जाणार नाहीत. कोच पेंटर स्वतः पर्ड्यूतच खेळला, वीस वर्षं तिथेच शिकवतोय. घाई त्याच्या स्वभावात नाही, आणि आता मला ती माझ्याही स्वभावात नको आहे. विजेतेपद एकही नाही. इंडियाना युनिव्हर्सिटीची पाच आहेत, आणि ती पाटी रोज कुणीतरी दाखवतंच. दाखवू देत.

रात्री जेवताना आईने अचानक विचारलं, "तो उंच मुलगा असता यंदा, तर?"

"तर जिंकलो असतो," मी म्हणाले.

ती काही बोलली नाही. जेवण झाल्यावर चष्मा लावून माझ्या फोनवर पंचांग उघडायला सांगितलं. पुढच्या वर्षीचा पाडवा बघायला. १९ मार्च, गुरुवार.

पहिली फेरी त्याच रात्री सुरू होते. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग गुढी लवकर उभारू."

काठी गॅलरीत वाळतेय. डाळ भिजली आहे.