"फक्त हात फिरवून द्या, मॅडम"

दिवाळी अंकासाठी चित्रं काढणाऱ्यांचा हंगाम गणपतीच्या आधी सुरू होतो आणि पितृपक्षात जीव काढतो. बाहेरच्यांना वाटतं, संपादक कथा पाठवतात, आपण ती वाचतो, मग चित्र सुचतं. खरं म्हणजे आधी जाहिराती ठरतात. जाहिरात वाढली की आपलं चित्र अर्ध्या पानावरून पाव पानावर येतं. ती ऐनवेळी रद्द झाली की रात्री अकराला फोन: "मॅडम, एक उभं चित्र पाहिजे, सकाळी फॉर्म छपाईला जातोय."

गेल्या हंगामातला फोन वेगळा होता. "चित्रं तयारच आहेत. एआयवर आमच्या मुलाने काढलीत. तुम्ही फक्त हात फिरवून द्या आणि खाली सही करा." मानधन नेहमीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. वर, "तुमचा वेळच वाचतोय की!"

कथा एका ऊसतोड बाईची होती. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हिचा नवरा गेलेला, म्हणून टोळीत ही अर्धा कोयता, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र पुरी फेडायची. यंत्राच्या चित्रात लाल जरीकाठी साडी नेसलेली बाई होती. ओठ रंगवल्यासारखे, हातात गवत कापायचा विळा. ऊस बांबूसारखा सरळसोट, खाली पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याचा, पत्ता नाही. मागे तिच्याकडे बघून हसणारा एक पुरुष! संपादकांनी कथा वाचलेली नाही, हे यंत्राने जणू लिहूनच दिलं होतं.

मी कोल्हापूरकडच्या शिरोळ तालुक्यातली. आमच्याकडे बीडकडच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे उतरतात, कारखान्याजवळच्या माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. फडात बाई साडीवर पुरुषी फुल शर्ट घालते, कारण उसाच्या पानाने हात चिरतात. डोक्याला फडकं घट्ट आवळलेलं. कोयत्याचं पातं रुंद आणि जड, ते घाव घालायचं हत्यार आहे. डाव्या हाताच्या कवेत दोन-तीन ऊस धरून किंचित वाकवायचे आणि कोयता अगदी जमिनीला लागून मारायचा. साखर बुडख्याकडे जास्त, म्हणून वर खुंट राहिलेला कारखान्याला चालत नाही. मग शेंड्याचे वाढे छाटायचे, त्यांनीच मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. ती फळी मोळीच्या वजनाने मधोमध वाकते. मला चित्रात ते वाकणं हवं होतं.

शिवाय छपाईचं कुणी बोलतच नाही. आतली पानं एकरंगी, कागद मॅपलिथो. या कागदावर शाई पसरते, बारीक ठिपके फुगतात आणि यंत्राला प्रिय असलेली ती मऊ, धुरकट राखाडी छटा चिखल होऊन उतरते. म्हणून आम्ही अजून टाक आणि काळी शाई धरून आहोत. जिथे काळं पाहिजे तिथे काळं, बाकी कागद कोरा. मुलाने पाठवलेल्या चित्राची रुंदी 1024 पिक्सेल होती. 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, छापलं तर ते जेमतेम साडेआठ सेंटिमीटर भरतं, आणि लावायचं होतं पानभर. तेवढं ताणल्यावर शर्टाच्या चुण्या आणि पाचट यांत फरक राहत नाही. अर्थात, चित्रात शर्ट आणि पाचट दोन्ही नव्हतंच म्हणा.

नकार देऊन मोकळी झाले असते तर हे लिहायला बसले नसते. झालं असं की त्या रात्री मी स्वतः यंत्रापुढे बसले. आधी शब्दांत सांगून पाहिलं. कोयता म्हटलं की कधी विळा यायचा, कधी तलवार. मग मी माझं पेन्सिलचं कच्चं चित्र त्याला दाखवलं: फळी, मोळी, शर्ट, मान किती झुकलेली. मिनिटाभरात जे समोर आलं ते चांगलं होतं. उगाच कशाला खोटं बोलू. संध्याकाळचा उजेड मोळीच्या मागून आला होता. मला तो सुचला नव्हता.

तरी ते पाठवलं नाही. रात्रभर शाईत चित्र काढलं, मोळीमागचा उजेड मुद्दाम टाळला आणि सकाळी पाठवून दिलं. का, हे अजून नीट सांगता येत नाही. हजारो चित्रकारांना न विचारता त्यांच्या कामावर ही यंत्रं शिकवली, हे कारण खरं आहे आणि मी ते संपादकांना ठणकावून सांगितलं. पण माझ्या माळ्यावर जुन्या मासिकांतल्या कात्रणांची एक ट्रंक आहे. हात कसा वळतो, बैल कसा बसतो, हे मीही त्यातूनच उचललं, आणि त्या चित्रकारांना मी तरी कुठे विचारलं होतं? फरक आहे असं मला वाटतं. बैल उचलायला मला काही वर्षं लागली आणि तो शेवटी माझ्या हातातून वेगळाच उतरला. पण हा फरक रात्री दोनला जितका ठाम वाटतो तितका सकाळी वाटत नाही.

त्याच अंकात भविष्यातल्या पुण्यावर एक विनोदी लेख होता. त्याला मुलाने काढलेलं चित्र वाईट नव्हतं. मी म्हटलं, तसंच छापा, मी हात लावणार नाही, माझं नावही नको. संपादक अडले. मग कुणाचं घालू? आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात, 1994 च्या दुरुस्तीनंतर, संगणकाने तयार झालेल्या चित्राचा कर्ता म्हणजे ते ज्याने घडवून आणलं ती व्यक्ती, अशी तरतूद आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने मात्र 2023 मध्ये मिडजर्नी या एआय यंत्राच्या चित्रांना नोंदणी नाकारली. मी म्हटलं, आपल्याकडच्या हिशेबाने बहुधा तुमचा मुलगाच चित्रकार. ते त्यांना पटेना, "वाचकांना काय वाटेल?" शेवटी छापलं, "चित्र: संपादकीय विभाग". या विभागात ते स्वतः आणि एक मुद्रितशोधक बाई आहेत.

अंक आल्यावर माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचा फोन आला. पुण्याचं चित्र झकास जमलंय म्हणाली, आणि ऊसवालं जरा काळं झालंय. "काळं" हे तिने तक्रार म्हणून सांगितलं. मी ऐकून घेतलं.

आता यंदाचं बोलावणं आलंय. या वेळी अटी आधीच लिहून पाठवायच्या असं ठरवलंय. पहिली, यंत्राच्या चित्रावर हात फिरवणार नाही, कितीही मानधन दिलंत तरी. दुसरी, ज्या पानावर यंत्राचं चित्र असेल तिथे तसं छापायचं, संपादकीय विभागाच्या आड लपायचं नाही. तिसरी अट माझ्यासाठी आहे: माझं कच्चं चित्र यंत्राला दाखवून उजेड कुठून घ्यावा हे विचारायचं की नाही. "नाही" असं लिहिलं, खोडलं. "फक्त पाहायला, कागदावर नाही" असं लिहिलं, तेही खोडलं, कारण एकदा पाहिलेलं कागदावर येणारच. मेल मसुद्यातच पडून आहे, आणि संपादकांना गणपतीच्या आत उत्तर पाहिजे.