डुकराच्या अन्ननलिकेतील बोगदा

दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियांचा इतिहास सांगताना प्राण्यांचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो, आणि ते मला नेहमीच अन्यायाचे वाटत आले आहे. १९०१ साली हॅम्बुर्ग येथे गेऑर्ग केलिंग यांनी जिवंत कुत्र्याच्या पोटात गाळलेली हवा भरली, मूत्राशय तपासण्याची दुर्बीण आत घातली आणि पोट न उघडता आतील अवयव पाहून दाखवले. माणसांवरचा तसा अनुभव हान्स ख्रिश्चन याकोबेउस यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केला.

मला अधिक बोलायचे आहे ते अलीकडच्या प्रयोगांविषयी. २००४ मध्ये अँथनी कलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडावाटे एंडोस्कोप, म्हणजे लवचिक दुर्बीण, घालून, डुकराच्या जठराला छिद्र पाडून पोटाच्या पोकळीत प्रवेश केल्याचे प्रसिद्ध केले. त्वचेवर एकही छेद नाही, ही कल्पना विलक्षण मोहक होती. परंतु निरोगी जठराला मुद्दाम पाडलेले छिद्र खात्रीने बंद कसे करायचे, हा प्रश्न त्या मोहाहून मोठा ठरला. टाके किंवा क्लिप नीट बसल्या नाहीत, तर जठरातील जंतू थेट पोटात उतरतात.

या प्रश्नाचे मला सर्वांत आवडणारे उत्तरही डुकरांवरील प्रयोगांतूनच आले. अन्ननलिकेच्या अस्तराला एका ठिकाणी छेद द्यायचा, अस्तर आणि स्नायू यांच्या मधून बोगदा करत पुढे जायचे आणि स्नायू बऱ्याच अंतरावर कापायचा. म्हणजे दोन छेद समोरासमोर येत नाहीत आणि मधले अखंड अस्तर झडपेसारखे काम करते. पंकज पसरिचा यांच्या गटाने २००७ मध्ये चार डुकरांवर अशा रीतीने स्नायू कापून अन्ननलिकेच्या खालच्या झडपेचा दाब उतरल्याचे दाखवले. हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये हे तंत्र अकॅलेशियाच्या, म्हणजे ती खालची झडप नीट सैल न होऊन घास अडकण्याच्या विकाराच्या, रुग्णावर वापरले आणि २०१० मध्ये १७ रुग्णांचा अनुभव मांडला.

प्रशिक्षणाच्या काळात भूल दिलेल्या डुकरात हा बोगदा मी प्रथम पाहिला. शिरेतली सुई कानाच्या कडेला टोचलेली होती, आणि पडद्यावर, निळा रंग मिसळलेल्या सलाइनने फुगवलेल्या थरात, कापसाच्या तंतूंसारखे पांढरे धागे ताणलेले दिसत होते. ते एकेक करून जाळताना एका बाजूला स्नायू आणि दुसऱ्या बाजूला तलम अस्तर असते. हात जरा चुकीच्या बाजूला झुकला की अस्तराला भोक पडते. माझ्याकडून ते पडले. माझ्या चुकीची किंमत त्या जनावराने मोजली, हे मी विसरलेलो नाही.

म्हणूनच हात बसवण्याचा सराव आधी कत्तलखान्यातून मिळालेल्या अवयवांवर व्हावा, असे माझे ठाम मत आहे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि जखम भरणे या गोष्टी मात्र निर्जीव अवयव सांगू शकत नाही. त्याचबरोबर, प्रयोगातील डुक्कर सहसा तरुण आणि निरोगी असते. त्याला अकॅलेशिया नसतो, शिवाय त्याच्या अन्ननलिकेच्या स्नायूंची रचनाही माणसापेक्षा वेगळी असते. छेद सुरक्षितपणे मिटतो का, एवढे ते सांगते. घास सुखाने उतरतो का, हे रुग्णच सांगतो. त्यामुळे असा शोधनिबंध हाती आला की शस्त्रक्रियेला किती मिनिटे लागली हे मी नंतर पाहतो. प्राणी किती दिवस जगवले आणि शेवटी शवविच्छेदनात छेदाभोवती पू आढळला का, हे आधी शोधतो.