कर शून्य, तरी हप्ता दीड लाखाचा

मार्चचा दुसरा आठवडा होता. २०२५-२६ हे आर्थिक वर्ष संपायला वीसेक दिवस उरले होते. बडोद्याच्या दांडिया बाजारात मोटार वाइंडिंगचं दुकान असलेले एक गृहस्थ पत्नीला घेऊन माझ्या करसल्ल्याच्या ऑफिसात आले. हातात नव्या विमा पॉलिसीचा फॉर्म, हप्ता वर्षाला ९० हजार. आधीची एक पॉलिसी ६० हजारांची. दोन्ही मिळून दीड लाख, म्हणजे ८०सी कलमाखाली वजावट मिळणारी वर्षाची मर्यादा पूर्ण. "टॅक्स बची जशे," म्हणजे टॅक्स वाचेल, असं एजंटने सांगितलं होतं. सही तेवढी बाकी होती.

मी आधी मागच्या वर्षीचं रिटर्न उघडलं. उलाढाल ३८ लाख. त्यातले ३० लाख बँकेतून आणि यूपीआयवर आलेले, ८ लाख रोख. छोट्या धंद्यांना उलाढालीच्या टक्केवारीने नफा दाखवू देणाऱ्या कलम ४४एडीप्रमाणे बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के म्हणजे १,८०,००० आणि रोखीवर ८ टक्के म्हणजे ६४,०००. एकूण उत्पन्न २,४४,०००. जुन्या करप्रणालीत अडीच लाखांपर्यंत करच नाही. जो कर लागूच नव्हता तो वाचवण्यासाठी हे गृहस्थ चार वर्षं हप्ते भरत होते. वर ८०सी मिळावं म्हणून कुणीतरी जुन्या प्रणालीसाठीचा १०-आयईए फॉर्मही भरून दिला होता.

"तांब्याची तार, वार्निश, बेअरिंग, दोन कारागिरांचा पगार, भाडं, वीज हे सगळं जाऊन हातात किती राहतं?" मी विचारलं. ते घुटमळले. वहिनींनी सरळ सांगितलं, "महिन्याला पंचाहत्तर हजार धरा. उन्हाळ्यात जास्त, पावसाळ्यात कमी." म्हणजे वर्षाला नऊ लाख. घरखर्च महिना ३५ हजार, वर्षाला ४,२०,०००. कागदावर २,४४,००० मिळवणारा माणूस ४,२०,००० खर्च करून वर विम्याचा हप्ताही भरत होता. ही विसंगती त्यांच्या बँक खात्यात कुणालाही दिसली असती.

६ आणि ८ टक्के हा ठरलेला नफा नाही, तो खालचा आकडा आहे. नफा जास्त झाला असेल तर जास्तच दाखवायचा. त्यासाठी ऑडिट लागत नाही, फॉर्मही तोच, आयटीआर-४. कमी दाखवण्याची किंमत मात्र त्यांनी आधीच मोजली होती. दुकानाचा गाळा विकत घ्यायला त्यांनी कर्ज मागितलं, तेव्हा बँकेने २,४४,०००चं रिटर्न पाहून नकार दिला. टर्म विमाही दाखवलेल्या उत्पन्नाच्या पटीतच मिळतो. अपघातात भरपाई मागायची वेळ आली तर न्यायालयापुढेही हेच रिटर्न ठेवावं लागतं.

मग नऊ लाख धरून दोन्ही हिशेब मांडले. जुन्या प्रणालीत ८०सीचे १.५ लाख, एनपीएस या पेन्शन योजनेचे ५० हजार, मेडिक्लेमचे २५ हजार वजा केले तरी ६,७५,००० उरतात आणि त्यावर सेससह कर होतो ४९,४००. नव्या प्रणालीत नऊ लाखांवर कर येतो ३०,०००, पण उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने ८७एची सवलत तो पूर्ण उडवते. एक पैसाही न गुंतवता कर शून्य. (नोकरदारांचे १२.७५ लाख आपल्याला लागू नाहीत. ७५ हजारांची प्रमाणित वजावट धंद्याच्या उत्पन्नाला मिळत नाही.) फक्त रिटर्नच्या मुदतीत १०-आयईए पुन्हा भरून जुनी प्रणाली सोडायची. धंद्याचं उत्पन्न असेपर्यंत मग परत जुनीकडे जाता येत नाही, हे मी दोनदा सांगितलं.

ते खूश झाले. फॉर्मची घडी घालून म्हणाले, "मग काही भरायलाच नको."

वहिनींनी विचारलं, "आणि ह्यांचे हात थांबले की खायचं काय?"

मला त्या दिवशी धसका बसला तो इथे. कर नाही म्हटल्याबरोबर बचतही बंद. आपल्याकडच्या दुकानदारांची म्हातारपणाची सोय आजवर करसवलतीच्या धाकाने होत आली. तो धाक गेला, आणि पगारातून पीएफ कापणारं तर कुणी नाहीच.

त्यांचं वय ४७. आजचे ३५ हजार ६ टक्के महागाईने १५ वर्षांनी महिना ८४ हजारांच्या घरात जातात. पीपीएफ या सरकारी बचत योजनेत दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला १.५ लाख भरले तर ७.१ टक्क्यांनी १५ वर्षांत ४०.६८ लाख होतात, व्याज नव्या प्रणालीतही करमुक्त. त्यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर आजच्या ८.२ टक्क्यांनी महिन्याला पडतात २०,५००. चौऱ्याऐंशीपुढे ते फारच तोकडे. म्हणून शेअरचा वाटा असलेलं एनपीएसही हवं, महिना ५,०००पासून. त्याची वजावट नव्या प्रणालीत स्वतःच्या हप्त्यावर मिळत नाही, पैसे साठीपर्यंत अडकतात आणि काही भागाची पेन्शन घ्यावीच लागते. तरीही हवं. धंद्यात अडचण आली की गल्ल्याजवळचा पैसा सगळ्यात आधी संपतो.

जुनी पॉलिसी १५ वर्षांत ९ लाख भरून साधारण साडेतेरा लाख देणार होती, म्हणजे जेमतेम ५ टक्के. तेवढेच पैसे पीपीएफमध्ये सव्वासोळा लाख झाले असते. ती लगेच मोडू नका, म्हटलं. सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती आणि पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून तशीच चालू ठेवली, तर मुदतीअखेर किती, हे कंपनीकडून लेखी आणा.

मोसमाचा प्रश्न वहिनींनीच सोडवला. पंप आणि कूलरचं काम मार्च ते जून. पीपीएफचं व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकेवर धरतात, म्हणून एप्रिल, मे, जून तिन्ही महिन्यांत ५ तारखेच्या आत पन्नास-पन्नास हजार भरायचे. एका दमात भरण्यापेक्षा व्याज थोडं कमी पडेल, पण पैसे खरंच भरले जातील.

पीपीएफचं खातं मात्र ३१ मार्चच्या आत उघडायला सांगितलं. पंधरा वर्षं खातं उघडलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून मोजतात. मार्चमध्ये नुसते ५०० रुपये भरले तरी मुदत २०४१ला संपते, एप्रिलमध्ये उघडलं तर २०४२ला. दुसऱ्या दिवशी दुपारी रावपुरा पोस्टातून वहिनींचा फोन आला, नॉमिनी म्हणून मुलीचं नाव चालेल का विचारायला.