बीटा एचसीजी आणि भाऊजींचा फोन

सासूबाईंची शुगर, सासऱ्यांचं कोलेस्टेरॉल, माझं थायरॉइड, आमच्या घरचे सगळे रिपोर्ट भाऊजींच्या व्हॉट्सॲपवर यायचे. लॅबवाला पहिल्यांदा लोकमान्यनगरात घरी रक्त न्यायला आला, तेव्हा नंबर त्यांनीच दिला होता. त्यामुळे माझा बीटा एचसीजीचा, म्हणजे दिवस गेलेत का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आला आणि मी घरी पोचायच्या आत बातमी पुण्याच्या वन्संपर्यंत गेलीसुद्धा. नवऱ्याला शेवटी कळलं.

सुरुवातीच्या आठवड्यांत हा आकडा दोन-तीन दिवसांत साधारण दुप्पट व्हायला हवा. माझा निम्म्यावर आला. तो रिपोर्टही भाऊजींकडेच. "वहिनी, नॉर्मलच ना?" त्यांनी विचारलं. उत्तर मला द्यावं लागलं, स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर.

पंधरा दिवसांनी लॅबमध्ये गेले. काउंटरवरचा म्हणाला, "भाभी, परिवार का ही तो नंबर है." बरं, नंबर बदलायचा तर ओटीपी जुन्या नंबरवर, म्हणजे परत भाऊजींना विचारा! शेवटी लेखी अर्ज दिला, आधारची झेरॉक्स जोडली, माझं खातं वेगळं करा म्हटलं. अर्जात २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याचं नाव घातलं. तो टप्प्याटप्प्यानं लागू होतोय हे मला ठाऊक होतं, काउंटरवरच्याला नव्हतं. तिसऱ्या खेपेला काम झालं.

पाळीचं ॲपही काढलं. नुसतं अनइन्स्टॉल करून माहिती जात नाही. आधी सेटिंगमध्ये जाऊन खातंच डिलीट करावं लागतं. फ्लो ॲपनं बायकांची अशी माहिती फेसबुक-गूगलला पुरवल्याचा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२१ मध्ये ठेवला होता. पण माझी माहिती फुटायला अमेरिका कशाला लागतेय?

एक गोष्ट मात्र खटकते. गर्भपात करून घेतला, तर त्याची नोंदवही गुप्त, संमतिपत्र सीलबंद पाकिटात, आणि नाव फोडणाऱ्या डॉक्टरला गर्भपात कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर एक वर्षापर्यंत कैद. गर्भ आपोआप गेला, तर पीडीएफ घरभर.

रविवारी पोहे खाताना भाऊजींकडे फोन मागितला. काही न बोलता त्यांनी दिला. चॅटमधून दोन्ही रिपोर्ट पुसले, मग फाइल्समधून. वन्संच्या फोनमधला पहिला अजून आहे. त्या दिवाळीला येतील.